हेज ते सलायना : पंचवीस टप्पे

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, हेज ते सलायना किती लांब? मी म्हणालो, दीड तास. त्यावर तुम्ही नुसतं ‘हं’ केलंत. सातारा डेपोत जन्म काढलेल्या कंडक्टरला अंतर तासांत सांगितलं, चुकलंच माझं. कान्सासमध्ये सगळे तसंच सांगतात, त्यामुळे मलाही खोड लागली.

तर हिशोब असा. आय-७० हायवेवर प्रत्येक एक्झिटला नंबर असतो. तो पश्चिमेला कोलोरॅडोच्या हद्दीपासून मोजलेला मैलच असतो. मी राहतो त्या हेजचा १५९, वर्षा राहते त्या सलायनाचा २५२. वजाबाकी ९३ मैल, म्हणजे दीडशे किलोमीटर. तुमच्या एसटीचा सहा किलोमीटरचा टप्पा धरला तर पंचवीस टप्पे! पुणे-मुंबई एवढं, पण घाट नाही, लोणावळा नाही, ‘गाडी दहा मिनिटं थांबेल’ नाही. वेगाची मर्यादा ताशी ७५ मैल आहे, म्हणजे १२० किलोमीटर. शेजारून रेल्वेचा रूळ जातो, पण त्यावर फक्त मालगाड्या.

पहिल्या वर्षी मला वाटायचं, वाटेत बघायला काहीच नाही. मग एकदा उतरून कुंपणाचे खांब पाहिले. लाकडाचे नाहीत, दगडाचे! या माळावर झाडंच नव्हती, म्हणून जुन्या शेतकऱ्यांनी जमिनीखालचा चुनखडीचा थर फोडून खांब काढले. भोकं पाडून, त्यांत पाचरी ठोकून. खांबाच्या कडेला त्या भोकांच्या अर्ध्या खाचा अजून दिसतात, बोट घातलं तर बसतं. पुढे दोन्ही बाजूंना पवनचक्क्या लागतात. चाळकेवाडीच्या पठाराची आठवण येते, वाराही तसाच, स्टिअरिंग घट्ट धरावं लागतं.

आई, हरणाचं तुला वर्षाने सांगितलं ना? सांगायला नको होतं. अंधार पडताना ते आडवं आलं, मी ब्रेक दाबला, ते गेलं, एवढंच. पण तेव्हापासून कॉलेजातून थेट निघतो, उजेडात. शुक्रवारी पूर्वेकडे आणि सोमवारी पहाटे पश्चिमेकडे, त्यामुळे दोन्ही वेळा ऊन पाठीशी असतं. डोळ्यांवर येत नाही.

वर्षाला हेजमध्ये नोकरी बघ म्हणतेस. बघतोय. पण तिचा हॉस्पिटलमध्ये जम बसलाय, आणि माझ्या विषयाची जागा इकडेच होती. सध्या हे असंच.

तुम्ही जूनमध्ये आलात तर गहू कापणीला आलेला असेल. बाबांनी पुढच्या सीटवर बसून एक्झिट मोजायचे.

आणि आई, मी सलायनाला पोचतो तेव्हा तुमच्याकडे शनिवारचे पहाटे पाच झालेले असतात. ‘पोचलो’ असा मेसेज टाकतो. त्यासाठी साडेतीनपासून उठून बसू नकोस. चहा ठेवशील तेव्हा बघ.

तुमचा,
राजू