गोल्फ लीगचा हिशेब चोख ठेवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

ऑफिसच्या गोल्फ लीगसाठी तुम्ही तयार केलेलं नियमपत्रक आणि हंगामभर सांभाळलेला गुणतक्ता, या दोन्हींसाठी आम्हा सगळ्या खेळाडूंकडून मनापासून आभार. पत्र उघडपणे लिहितो आहोत, कारण आपापल्या कामाच्या ठिकाणी अशी लीग सुरू करू पाहणाऱ्यांच्याही ते उपयोगी पडेल. नियम गोळा करणं अवघड नसतं. तुम्ही मात्र प्रत्येक नियमाखाली तो का आहे, हे एका ओळीत लिहिलंत. कारण माहीत असलं की माणूस नियम पाळतो आणि वाद होत नाहीत.

सगळ्यात मोलाचा निर्णय स्टेबलफर्डचा, म्हणजे एकूण फटक्यांऐवजी प्रत्येक होलला गुण देण्याच्या पद्धतीचा. ऑफिसच्या लीगमध्ये हँडिकॅप (कुवतीनुसार मिळणारी फटक्यांची सवलत) 6 असलेला आणि 36 असलेला खेळाडू एकाच गटात चालत असतो. नुसते फटके मोजले की नवख्याच्या एका होलवर 11 पडतात आणि उरलेल्या आठ होलांत त्याला खेळण्यासारखं काही राहत नाही. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांच्या पद्धतीची पहिली स्पर्धा 1932 साली इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबवर झाली आणि तिच्या मुळाशी हीच अडचण होती. हँडिकॅपचे फटके वजा केल्यावर पार (होलसाठी ठरलेले फटके) आला तर 2 गुण, बोगीला (एक जास्त) 1, बर्डीला (एक कमी) 3, ईगलला (दोन कमी) 4. डबल बोगी (दोन जास्त) किंवा त्याहून वाईट असेल तर शून्य. एका होलवर शून्याखाली जाताच येत नाही.

तुमच्या पत्रकातलं उदाहरण इथे मुद्दाम देतो. पार 4 चा होल आहे आणि खेळाडूला तिथे 2 फटके मिळतात. मग 6 ला दोन गुण, 7 ला एक, 8 ला काहीच नाही. म्हणजे सातवा फटका होलमध्ये गेला नाही की चेंडू उचलायचा आणि कार्डावर शून्य गुण मांडायचे. साध्या स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजायच्या खेळात, होल पुरा न करता पुढे गेलं तर खेळाडू बाद होतो. स्टेबलफर्डमध्ये फक्त त्या होलचे गुण जातात. काम संपवून आलेल्या लोकांना अंधार पडायच्या आत नऊ होल संपवायचे असतात, तेव्हा या एका तरतुदीने जेवढा वेळ वाचतो तेवढा दुसऱ्या कशानेच वाचत नाही. हँडिकॅपच्या नोंदीलाही ती बाधत नाही, कारण तिथे एका होलचा कमाल आकडा पार अधिक 2 अधिक मिळालेले फटके, म्हणजे या उदाहरणात 8 हाच धरतात.

हँडिकॅपच्या गणितात तुम्ही दाखवलेल्या काटेकोरपणाचे आभार वेगळे मानायला हवेत. समजा एखाद्याचा इंडेक्स, म्हणजे कोर्सचा हिशेब लावण्याआधीचा मूळ हँडिकॅप, 22.4 आहे. नऊ होलांसाठी अर्धा, म्हणजे 11.2. त्या नऊ होलांचं स्लोप रेटिंग (निष्णाताच्या तुलनेत नवख्याला कोर्स किती अवघड जातो ते) 120, कोर्स रेटिंग (निष्णाताचे अपेक्षित फटके) 35.4 आणि पार 36. 11.2 ला 120 ने गुणून 113 ने, म्हणजे प्रमाण स्लोपने, भागलं की 11.89 येतात. त्यात रेटिंग आणि पारमधला फरक, म्हणजे उणे 0.6, मिळवला की 11.29. वैयक्तिक स्टेबलफर्डला याचे 95 टक्के घ्यायचे: 10.73, म्हणून 11 फटके. इथेच अनेक जण फसतात. 11.29 चे आधीच 11 केले आणि मग 95 टक्के काढले तर 10.45 येतात आणि हातात 10 फटके पडतात. पूर्णांक शेवटी एकदाच करायचा, ही तुमची सूचना तक्त्याच्या सूत्रातच बसवलेली असल्यामुळे कोणाचा फटका वाटेत गळत नाही.

त्याहून मोठी चूक स्ट्रोक इंडेक्सची. कार्डावर अठराही होलांना अवघडपणानुसार 1 ते 18 क्रमांक असतात, तोच स्ट्रोक इंडेक्स; मिळालेले फटके त्याच क्रमाने वाटले जातात. बहुतेक कोर्सवर एका अर्ध्यात सगळे विषम आणि दुसऱ्या अर्ध्यात सगळे सम येतात. आता 11 फटके मिळालेला खेळाडू सम क्रमांकांच्या नऊ होलांवर खेळतो आहे आणि कार्डावरचे क्रमांक जसेच्या तसे वापरले, तर त्याला 2, 4, 6, 8 आणि 10 या पाचच होलांवर फटका मिळतो. सहा फटके हवेत विरतात. तुम्ही दोन्ही नऊंसाठी 1 ते 9 अशी नवी क्रमवारी लावून दिलीत. त्यामुळे त्याच खेळाडूला प्रत्येक होलवर एक आणि सर्वांत अवघड दोन होलांवर दुसरा फटका मिळतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही बारीकशी दुरुस्ती वाटेल, पण लीगमधला न्याय निम्मा तरी तिच्यावर उभा आहे.

हरवलेल्या चेंडूचा स्थानिक नियमही तसाच. मूळ नियमात दंडाचा एक फटका घेऊन मागच्याच जागेवरून पुन्हा मारावं लागतं, आणि मागे गर्दी असली की सगळा कोर्स खोळंबतो. 2019 पासून समितीला पर्याय ठेवता येतो: चेंडू हरवला असेल त्या सुमाराला, होलच्या जवळ न जाता, फेअरवेच्या (आखूड गवताच्या मुख्य पट्ट्याच्या) कडेपासून आत दोन क्लबच्या अंतरापर्यंत ड्रॉप घ्यायचा, म्हणजे चेंडू हातातून सोडायचा, आणि दंडाचे दोन फटके लावायचे. दोनच का, असं नवखे हमखास विचारतात. तुमच्या पत्रकात उत्तर आहे: परत जाऊन टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) मारला असता तर तो तिसरा फटका झाला असता आणि फेअरवेवरून चौथा. ड्रॉप घेतल्यावरही चौथाच मारायचा असतो. फायदा कोणालाच नाही, वाचतो तो वेळ. आणि प्रोव्हिजनल चेंडू (पहिला हरवला असेल या शंकेने मारायचा दुसरा) मारून ठेवला असेल तर हा पर्याय मिळत नाही, हे तुम्ही ठळक अक्षरांत लिहिलंत ते फार बरं केलंत. शोधायला तीन मिनिटं, हेही तिथेच आहे. प्रोव्हिजनल म्हणून आधी तोंडाने सांगितलं नाही तर तो दुसरा चेंडूच खेळातला ठरतो आणि पहिला सापडला तरी उपयोग नसतो. हे दर नव्या खेळाडूला समजावण्याचा तुमचा धीर वाखाणण्यासारखा आहे.

छोटे पट (होलजवळचे हलके फटके) ‘दिला, दिला’ म्हणत चेंडू उचलण्याबाबत तुम्ही कडक राहिलात. मॅच प्लेमध्ये (थेट समोरच्याशी सामना असतो तेव्हा) समोरचा पट सोडू शकतो, स्टेबलफर्डमध्ये नाही. इथे आपला सामना गटातल्या एकट्याशी नसून स्पर्धेतल्या सगळ्यांशी असतो, म्हणून एका गटाने दाखवलेलं औदार्य बाकी सगळ्यांना भोवतं.

कार्डावर खेळाडूने प्रत्यक्ष फटके लिहायचे, गुण तुम्ही काढायचे, ही वाटणीही योग्यच. नियमानुसार प्रत्येक होलच्या आकड्याची जबाबदारी खेळाडूची, बेरीज आणि हँडिकॅप लावणं समितीचं. गुणच लिहिले असते तर चूक फटक्यात झाली की वजाबाकीत, हे नंतर कळलंच नसतं. कार्डांची अदलाबदल करून दुसऱ्याने लिहायचं आणि दर होलनंतर पुढच्या टीवर जाता जाता आकडा मोठ्याने म्हणायचा, म्हणजे शेवटी आठवत बसावं लागत नाही.

गैरहजर खेळाडूची तरतूद लीगला स्वतःच करावी लागते. तुम्ही गैरहजर माणसाच्या नावावर 18 न धरता 16 गुण धरलेत. हा आकडा आम्हाला अगदी पटतो. 18 म्हणजे नऊ होल बरोबर हँडिकॅपइतके खेळणं, आणि इंडेक्स शेवटच्या 20 पैकी उत्तम 8 निकालांवर बेतलेला असल्याने तसा खेळ चांगल्या दिवशीच होतो. 18 दिले असते तर न येणारा येणाऱ्यापेक्षा पुढे गेला असता. नवीन खेळाडूंचे 54 होल, म्हणजे नऊ-नऊचे सहा खेळ, पुरे होईपर्यंत तात्पुरता हँडिकॅप आणि बक्षिसात गणना नाही, हेही रास्त आहे.

बरोबरी झाली की शेवटचे सहा होल पाहायचे, मग तीन, मग शेवटचा. सगळे गट वेगवेगळ्या होलांवरून एकदम सुरू करतात तेव्हा ‘शेवटचे’ म्हणजे कार्डावरच्या क्रमांकाने, खेळलेल्या क्रमाने नाही, एवढं आधीच लिहून ठेवल्यामुळे बक्षीस देताना कोणाला खुलासा करावा लागला नाही.

आता एक विनंती. हंगामाच्या अखेरीस चौघांचा स्क्रॅम्बल (सगळे मारतात आणि त्यातल्या उत्तम फटक्याच्या जागेवरून सगळेच पुढे खेळतात) अठरा होलांचा ठेवावा, असं सर्वांच्या मनात आहे. संघाचा हँडिकॅप काढताना कमी हँडिकॅपपासून चढत्या क्रमाने 25, 20, 15 आणि 10 टक्के घ्यायचे असतात. 8, 14, 20 आणि 30 असे चौघे असतील तर 2, 2.8, 3 आणि 3, एकूण 10.8, म्हणजे संघाला 11 फटके. प्रत्येकाचे किमान तीन टी शॉट वापरलेच पाहिजेत अशी अट घालावी का, की दोन पुरेत, हे तुम्ही ठरवून द्यावं. गट पाडायचं आणि कार्डं छापायचं काम आम्ही करू.

आपले कृतज्ञ,
लीगमधील सर्व खेळाडू