कथेतील माणसे खरी वाटावीत

महोदय,

आपल्या पुरवणीतील कथा मी नेमाने वाचते. मात्र अलीकडे त्यांतील माणसे लेखकाची मते बोलून दाखवण्यापुरतीच उभी केलेली दिसतात, याची खंत वाटते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केंब्रिजमधील व्याख्यानांत पात्राने वाचकाला पटेल अशा रीतीने चकित करावे, ही कसोटी सांगितली होती. ‘तो कंजूष होता’ या विधानापेक्षा, पाकिटावरचे शिक्का न पडलेले तिकीट वाफेवर सोडवून जपून ठेवणारा आणि तरीही उसने दिलेले पैसे कधीच परत न मागणारा माणूस अधिक खरा वाटतो, कारण अशी विसंगती आपल्या ओळखीची असते. सगळी पात्रे एकाच सुरात बोलतात, हे तर फारच खटकते. कथा निवडताना याकडे लक्ष द्यावे, ही विनंती.

— एक वाचक