पार्सलमध्ये सुया आहेत, फेकू नको

बेटा बंटी,

पार्सल मिळालं का? वर कळण्याचं पीठ आणि ठेचा आहे, त्याच्या खाली पिशवीत अर्धा मफलर आहे सुयांसकट, तो चुकून नाही आलेला, मुद्दाम टाकलाय.

रात्री अडीचला तू ऑनलाइन दिसतो. मी पण जागीच असते म्हणून दिसतो ना. विचारलं की म्हणतो काही नाही गं मम्मी, अभ्यास चालूय. बरं, नको सांगू.

2020 चा मे आठव. पॅसेंजर गाड्या मार्चमध्येच बंद झाल्या पण मालगाड्या चालूच होत्या, नंतर श्रमिक स्पेशल सुरू झाल्या, म्हणजे पप्पांची इंजिनवरची ड्युटी काही सुटली नाही. घरी आले की मागच्या अंगणातच आंघोळ, कपडे बादलीत, जेवण वेगळं. भुसावळचं 45 डिग्री ऊन आणि मी कूलरसमोर बसून लोकरीच्या कानटोप्या विणत होती! शेजारच्या काकू गच्चीवरून म्हटल्या, ताई ऊन लागलं का वो तुम्हाला? तुम्ही दोघं किती हसले होते. घामाने लोकर सुईवर सरकायचीच नाही, बोटांना पावडर लावायची मी. अकरा टोप्या झाल्या.

पप्पा ड्युटीवर गेले की फोन लागायचा नाही, इंजिनात मोबाईल बंदच ठेवावा लागतो. कुठे असतील, कोणाच्या जवळ गेले असतील, डोक्यात नुसता भुंगा. टोपीची पट्टी दोन सुलट दोन उलट असते, 96 टाके, एक चुकला की पुढची सगळी ओळ बिघडते, मग उसवा. भीती गेली नाही रे माझी, पण तेवढी ओळ संपेस्तोवर तरी दुसरं काही सुचायचं नाही. मग अजून एक ओळ. असं करत पप्पांची यायची वेळ व्हायची.

त्या टोप्या थंडीत मामाच्या शेतावर गेल्या, रावेरला. केळीला गारठा लागू नये म्हणून रात्रीचं पाणी भरतात, त्या माणसांना दिल्या.

तुला सोप्पं दिलंय. 8 नंबरची सुई, 40 टाके, सगळे सुलट. यूट्यूबवर बघून मधेच उलट ओळ घालू नको, एक ओळ सुलट एक ओळ उलट केलं की कडा गुंडाळतात आणि मफलरची नळी होते. टाका सुटला तर घाबरू नको, पिशवीत क्रोशाची सुई आहे, तिने खालून उचलायचा. लोकर अ‍ॅक्रेलिकची आहे, मशीनला चालते पण गरम इस्त्री लावू नको, चपटी पडते. रूममेट हसले तर हसू दे, दोन दिवसांनी तेच विचारतील आम्हाला पण शिकव.

आणि मधे दोन ओळी एकदम ढिल्या दिसतील, त्या पप्पांच्या आहेत. रिटायर झाल्यापासून माझ्या बाजूला बसून बघत असतात, परवा म्हणे दे इकडे. तुला सांगू नको म्हणाले होते.

पूर्ण झाला की टाके बंद करू नको, ते तुला जमणार नाही, घट्ट करशील. सुईवरच राहू दे आणि घेऊन ये. बामणोदची वांगी निघालीयेत, भरीत भाजेस्तोवर मी बंद करून देते.

तुझी मम्मी