रविवारची चिठ्ठी देणाऱ्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

दर रविवारी रात्री एका शब्दाची चिठ्ठी, आणि पुढच्या रविवारपर्यंत त्यावर एकच फोटो. एवढाच तुमचा नियम. शब्द पाहावेत तर बालवाडीतले: सावली, पांढरं, केशरी, गती, काळं. पण प्रत्येक शब्दात तुम्ही उजेडाची एक अडचण दडवून ठेवता, तीही नागपूरचा हंगाम बघून. हे आभार त्या अडचणींचे आहेत.

‘सावली’ तुम्ही बरोब्बर मे संपता संपता दिलीत. नागपूर २१ अंश अक्षांशावर. त्या दिवसांत बारा वाजून गेले की सूर्य थेट डोक्यावर येतो आणि खांबाची सावली त्याच्या बुडाशीच विरते. म्हणजे सावली हवी तर पहाटे उठणं आलंच. सकाळी ७ ला सावली उंचीच्या तिप्पट पडते, ८ ला जेमतेम दीडपट. झिरो माइल स्तंभाजवळचे घोड्यांचे पुतळे ७ च्या उन्हात आणि ८ च्या उन्हात दोन वेगळे फोटो होतात, ते यामुळे.

‘पांढरं’ म्हटल्यावर निम्मं गाव दीक्षाभूमीकडे वळणार, हे तुम्हाला ठाऊकच होतं. फ्रेममध्ये जे येईल ते सरासरी करड्यावर आणायचं, एवढंच कॅमेऱ्याच्या मीटरला कळतं. त्यामुळे घुमट फ्रेमभर घेतला की तो राखेसारखा मळकट येतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, अधिक १ स्टॉप (दुप्पट) करायचं, फार तर अधिक १.३. अधिक २ वर गेलं की घुमटाची गोलाईच जाते, उरतो कागदाचा कपटा. ‘काळं’ला हेच उलट. काळ्या मारबतीचा, म्हणजे मिरवणुकीतल्या त्या मोठ्या पुतळ्याचा, चेहरा भरून घेतला की मीटर उजेड वाढवतो आणि ती करडी दिसते. तिथे उणे १. ती चिठ्ठी पोळ्याच्या आठवड्यात काढलीत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या, पाडव्याच्या गर्दीत, धक्के खात हे करायचं!

सगळ्यात जास्त घाम ‘केशरी’ने काढला. संत्र्याचा ढीग दिसायला सोपा, पण फ्रेम केशरीने भरली की ऑटो व्हाइट बॅलन्सला, म्हणजे उजेडाचा रंग आपोआप सुधारणाऱ्या सोयीला, वाटतं उजेडच पिवळा आहे. तो निळं वाढवतो आणि अंबिया बहाराचं पिकलेलं फळ फिकट, मोसंबीसारखं येतं. वर निळी ताडपत्री असेल तर आणखी वाट लागते. उपाय तुमचाच: ढिगावर, त्याच उजेडात पांढरा कागद धरायचा, त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्यायचा. ढीग बदलला की कागद पुन्हा. दुसरी खोच हिस्टोग्रामची, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या आलेखाची. साधा आलेख ठीक दिसतो, पण लाल रंगाचा वेगळा आलेख उघडला की तो उजव्या भिंतीला धडकलेला असतो. लाल जळाला की सालीवरची बारीक छिद्रं, देठाजवळच्या सुरकुत्या सगळं सपाट होतं, प्लास्टिकचं फळ. उणे ०.७ वर घ्यायचं आणि फोटो पूर्ण मोठा करून ती छिद्रं मोजता येतात का ते जागेवरच पाहायचं. घरी येऊन कळलं तर पुन्हा मार्केट गाठा.

‘गती’बद्दल मात्र थोडी तक्रार आहे. धावत्या ई-रिक्षासोबत कॅमेरा फिरवून रिक्षा स्पष्ट आणि मागचं पुसट हवं, तर शटर १/३० सेकंदाच्या आसपास लागतं. भर उन्हात आयएसओ (संवेदनक्षमता) १०० आणि एफ (लेन्सचं छिद्र) १६ ला १/१०० च पुरतं; १/३० ला फोटो पावणेदोन स्टॉप जळतो. एनडी ८, म्हणजे उजेड आठपट कमी करणारा, फिल्टर लावला तर एफ ११ ला १/२५ मिळतं. फिल्टर नसेल तर दिवेलागणीला जायचं. कॅमेरा कमरेतून फिरवायचा, आणि बटण दाबल्यावरही फिरवत राहायचं. बहुतेकांचा हात नेमका तिथेच थांबतो. दिव्याखाली शूटिंग असेल तर १/५० किंवा १/१००: आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि वेगळ्या शटरला फोटोत आडवे पट्टे उमटू शकतात.

कूलरचा इशाराही विसरता येत नाही. कूलरची हवा ओली, आणि त्या खोलीत उघडी ठेवलेली लेन्स म्हणजे बुरशीला आमंत्रण. हवाबंद डबा, त्यात ओल शोषणारं सिलिका जेल, आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर टिकते का ते दाखवणारा मापक. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर सुकवायचे, पण स्वयंपाकाच्या कढईत नाही; त्या निळ्या रंगात विषारी कोबाल्ट असतं.

आणि सोमवारची यादी. विषयावर दहा कल्पना लिहायच्या, पहिल्या तीन खोडायच्या, कारण त्या सगळ्यांनाच सुचतात. बुधवारी चाचणी, शुक्रवारी खरा फोटो. जो शनिवारवर ढकलतो त्याला ढगाळ दिवस हमखास गाठतो. क्रॉप करू नका हा तुमचा हट्ट मोबाइलवाल्यांसाठी जरा सैल करा, एवढं मागणं आहे.

पुढच्या वर्षीही चिठ्ठी तुम्हीच काढा. फक्त ‘गती’ मे महिन्यात नको.

तुमचे,
रविवारचे फोटोवाले, नागपूर