मित्रकिडींच्या अमावस्येचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मालेगावकडे कापूस लावणाऱ्या आमच्या पाहुण्यांना अमावस्या कधीची आहे ते कॅलेंडर न बघता सांगता येतं. अंधाऱ्या रात्री बोंडअळीचे पतंग जास्त अंडी घालतात, म्हणून फवारणीचा बेत ते त्याच सुमारास आखतात. शत्रुकिडीच्या रात्रीचा एवढा हिशोब ठेवणारे आपण मित्रकिडीच्या, म्हणजे पिकावरची कीड संपवणाऱ्या किड्याच्या, रात्रीकडे मात्र बघतही नाही. तक्रार स्वतःपासूनच सुरू करतो.

दिंडोरी तालुक्यात माझी चार एकर द्राक्षबाग आहे. बिबट्याच्या धास्तीने मी बागेच्या कडेला आणि मोटारीच्या खोलीवर पांढरे एलईडी फोकस लावले. थ्री फेज वीज येते रात्री, पाणी द्यायला माणूस जाणार रात्री, त्याला अंधारात कसं पाठवायचं? उजेड हवाच. पण संध्याकाळी लावलेला फोकस कुणाला आठवण होईल तेव्हा, म्हणजे बहुधा दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बंद व्हायचा.

एका सकाळी स्टार्टरच्या पेटीवर केसासारख्या बारीक दांड्या उभ्या दिसल्या, प्रत्येकीच्या टोकाला मोहरीहून लहान हिरवट दाणा. मुलगा म्हणाला, बुरशी आली. भिंग लावून पाहिलं तर क्रायसोपर्लाची अंडी! नाजूक हिरवं अंग, जाळीदार पंख, सोनेरी डोळे असा हा कीटक. त्याची अळी मावा आणि पिठ्या ढेकणाची पिल्लं फस्त करते. ही अंडी आपण प्रयोगशाळेतून पैसे देऊन आणतो. आणि बागेतली फुकटची मादी फोकसला भुलून अंडी पत्र्यावर घालत होती. पत्र्यावर अळीला खायला काय मिळणार? आधी बाहेर पडलेली अळी शेजारची अंडीच खाते.

पुढचा प्रश्न जोडी जमण्याचा. क्रायसोपर्लाचे नर-मादी फांदीवर बसून पोट थरथरवतात. ती थरथर पानाफांदीतून दुसऱ्यापर्यंत पोचते, मग तो उत्तर देतो. त्यासाठी दोघं एका वेलीवर हवीत. फोकसच्या काचेभोवती घिरट्या घालण्यात रात्र सरली तर कसली थरथर आणि कसलं उत्तर?

सगळ्याच मित्रकिडींना अंधार हवा असतो, असं मात्र नाही. टोमॅटोत आपण ट्रायकोकार्ड लावतो, म्हणजे ट्रायकोग्रामा ही मित्रकीड आत वाढत असलेल्या अंड्यांचं कार्ड. त्यातला ट्रायकोग्रामा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा आणि दिवसा काम करणारा. कार्ड बांधायचं राहून गेलं आणि त्यावरची अंडी घरातच फुटली, तर सगळे कीटक खिडकीच्या काचेवर जमतात, हा अनुभव अनेकांना असेल. त्यांचे नर आधी बाहेर पडतात आणि मादीची कार्डावरच वाट बघतात. मिलन झालं नाही तरी मादी अंडी घालते, पण त्यातून फक्त नर निघतात. किडीच्या पतंगाने घातलेल्या अंड्यात आपलं अंडं घालून ते संपवायचं काम मादीचं, त्यामुळे नुसते नर वाढून आपल्याला उपयोग शून्य.

दिवस किती तासांचा आहे, यावरही बरंच ठरतं. युरोपातल्या क्रायसोपर्लाच्या जातीत शरद ऋतूत दिवस लहान झाले की प्रजनन थांबतं आणि प्रौढ कीटक हिवाळा झोपून काढतात. पैदास करणारे लोक त्यांना 16 तास उजेड देऊन अंडी घालायला लावतात. म्हणजे प्रयोगशाळेत दिव्याची वेळ काटेकोर पाळायची आणि बागेत दिवा सोडून द्यायचा रात्रभर!

सौर प्रकाश सापळ्याचंही तेच. सापळा वाईट नाही, माझ्याकडेही आहे. पण सकाळी साबणाच्या पाण्यात पतंगांबरोबर ते जाळीदार हिरवे पंखही तरंगताना दिसतात. तो संध्याकाळी दोन-तीन तासच चालू ठेवा, असं जाणकार सांगतात. विकत देताना हे कुणी सांगत नाही, आणि माझ्या सापळ्याला तर टायमरच नव्हता.

काजव्यांसाठी आपण पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याला जातो. उडता नर चमकतो, गवतात बसलेली मादी चमकून उत्तर देते, तेव्हा त्यांचं जमतं. गाडीचे हेडलाइट आणि मोबाइलचे टॉर्च लागले की हा निरोप पुसला जातो. काजव्याची अळी गोगलगायी खाते, म्हणजे तोही शेतकऱ्याचाच माणूस. आमच्या बांधावर लहानपणी काजवे दिसायचे; आता ते बघायला पेट्रोल जाळावं लागतं.

2027 च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं चालली आहेत, त्याबरोबर खांब आणि दिवेही येतील. जिथे रस्ता बागांना लागून जातो तिथे दिव्यांना वरून टोपी हवी, म्हणजे उजेड रस्त्यावरच पडेल. रंगही पिवळसर असावा. किड्यांचे डोळे निळा आणि अतिनील उजेड जास्त टिपतात, पिवळ्याकडे ते कमी येतात. खर्च फार नाही, फक्त दिवे बसवण्याआधी सुचायला हवं. कृषी खात्याच्या शिवार फेरीतही फवारणीच्या जोडीला दिव्यांचा विषय निघावा.

माझे फोकस आता पिवळे आहेत आणि सेन्सरवर चालतात. बिबट्या आला की पेटतात. शेजाऱ्याचं कुत्रं आलं तरी पेटतात, आणि ते रात्रीतून चारदा येतं.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. दिंडोरी, जि. नाशिक