तो कार्यकर्ता आपलाच आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आम्ही सीमाभागातील मराठी माणसे १ नोव्हेंबरला निषेध म्हणून काळा दिन पाळतो. गेल्या काळ्या दिनाच्या आदल्या संध्याकाळी माझ्या पुतण्याला व्हॉट्सॲपवरील स्टेटसमुळे पोलीस ठाण्यात बोलावून घेतले. ‘उद्या मूक फेरीला चला’ एवढाच तो मजकूर होता. मोबाईल टेबलावर ठेवून घेतला आणि कन्नडमधील एका छापील कागदावर सही करण्यास सांगितले. तक्रार कोणाची, कलम कोणते, हे कोणी सांगेना. नागरी हक्कांसाठी काम करणारा एक तरुण कार्यकर्ता आमच्याबरोबर आला होता. त्याने आवाज न चढवता लेखी नोटीस मागितली, गुन्हा नोंदला असल्यास त्याची प्रत मागितली आणि कागदावर काय लिहिले आहे ते मराठीत वाचून दाखवण्याची विनंती केली. तासाभराने सहीविनाच मोबाईल परत मिळाला.

याच कार्यकर्त्यावर आज आपली काही मंडळी नाराज आहेत, कारण सरकारी कारभारावर टीका करणारी पोस्ट लिहिल्यावरून चौकशीत अडकलेल्या एका कन्नड तरुणाच्या पाठीशीही तो उभा राहिला. मला ही नाराजी मुळीच पटत नाही.

राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) नुसार मिळालेले अभिव्यक्तिस्वातंत्र्य त्या तरुणाला नाकारले गेले, तर उद्या आपल्या पोरांसाठी आपण कोणत्या तोंडाने भांडणार? २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली, तीही महाराष्ट्रातच. त्यानंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला गुन्हा ठरवणारे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवले, आणि एखाद्या मताची चर्चा किंवा पुरस्कार करणे वेगळे व हिंसेला चिथावणी देणे वेगळे, हे स्पष्ट केले. तरीही ते कलम लावले जातच राहिले, म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. या निकालाची वापरून मऊ पडलेली झेरॉक्स त्या कार्यकर्त्याच्या पिशवीत कायम असते. गाऱ्हाण्याचा अर्ज मराठीतही देता येतो, हे राज्यघटनेचे कलम ३५० त्यानेच आमच्या गावकऱ्यांना समजावून सांगितले.

येत्या १ नोव्हेंबरपूर्वी त्याला गावोगावच्या वाचनालयांत बोलवावे, अशी सीमाभागातील मंडळांना माझी विनंती आहे. त्या कन्नड तरुणाच्या पुढच्या तारखेला मी स्वतः त्याच्याबरोबर जाणार आहे.

– एक निवृत्त शिक्षक, खानापूर (जि. बेळगाव)