कूलर बसवताना मांजर सांभाळा

महोदय,

उन्हाळा लागला की नागपुरात घरोघरी खिडकीत कूलर बसतात. आमच्याकडे त्यासाठी काढलेली जाळी परत लावायची राहिली आणि कूलरशेजारच्या वीतभर फटीतून आमची चिंगी निसटली. तीन रात्री आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. ती होती शेजारच्याच जिन्याखाली, वाळ्याच्या जुन्या ताट्यांमागे. टॉर्चच्या उजेडात डोळे चमकले म्हणून दिसली. इतक्या हाका मारल्या, पण तिने ओ दिली नव्हती. घरातलं मांजर घाबरलं की सहसा लांब जात नाही, जवळच दडून गप्प बसतं. म्हणून आधी घराभोवतीच, रात्री, वाकून शोधा. आणि कूलरवाला येण्याआधी मांजर एका खोलीत बंद करा. फट प्लायवूडने बुजल्यावरच दार उघडा.

— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर